विद्युतदाहिनी की लाकडं हे नंतर ठरवा, आधी दवाखान्याच्या फाइलवरचं नाव बदलून घ्या

तुमचा प्रश्न दहनाबद्दल आहे. बाबा अंथरुणाला खिळलेत, डॉक्टरांनी फार दिवस नाहीत असं सांगितलंय, बाबांना विद्युतदाहिनी हवी आहे आणि विधी नकोत, काका-आत्या ऐकत नाहीत, भाऊ कॅनडात आहे. तर पालिकेच्या स्मशानभूमीत काय काय सोयी मिळतात, असं तुम्ही विचारलंय. त्यावर लिहितेच. पण मी लिहायला बसले ते तुमच्या मधल्या एका वाक्यामुळे: 'दवाखान्याच्या फाइलवर बाबांचं अण्णासाहेब असं घरातलं नाव लागलंय, आधारवर वेगळं आहे, ते नंतर बघू.'

नंतर बघू नका. उद्या सकाळी दवाखाना उघडल्याबरोबर ते काम करा. बाकीचं सगळं त्यानंतर.

मी वकील नाही, डॉक्टरही नाही. प्रत्येक महापालिकेची पद्धत थोडी थोडी वेगळी असते, तेव्हा तुमच्या शहरात एकदा विचारून घ्या. पास, शववाहिका, सामान हे सगळं शेजारीपाजारी सांगतातच, त्यात मी जात नाही.

आईच्या वेळी काय झालं ते सांगते. आई शिक्षिका होती, निवृत्तिवेतन चालू होतं. माहेरी ती कुमुद. लग्नात नाव बदललं आणि सुनंदा झाली. आधार, पॅन, बँक, सेवापुस्तक, सगळीकडे सुनंदा. पण मामांकडे ती शेवटपर्यंत कुमुदच होती. तिला अचानक त्रास झाला तेव्हा ती मामांकडे होती आणि मामेभावाने रात्री तिला दवाखान्यात नेलं. खिडकीवर नाव विचारलं, त्याने कुमुद सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आधारची झेरॉक्स दिली, ती फाइलला लावलीही. नाव मात्र कोणी बदललं नाही. ती गेल्यावर त्याच फाइलवरून नमुना ४, म्हणजे मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र, भरला गेला. तो कागद हातात आला तेव्हा आमच्यापैकी कोणाच्या डोळ्यांना अक्षरं दिसत नव्हती. दहनाचा पासही त्यावरूनच झाला, आणि दाखला आला तो 'कुमुद' नावाने.

आता हे नीट लक्षात घ्या. मृत्यू घरी झाला तर त्याची माहिती कुटुंबाने द्यायची असते. दवाखान्यात झाला तर ती दवाखाना पाठवतो. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात तसंच आहे. म्हणजे तुमच्या माणसाचं नाव सरकारदरबारी कसं लागणार हे तुम्ही ठरवत नाही, दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागातला कर्मचारी ठरवतो, आणि तो फक्त फाइलचं वरचं पान बघतो.

पुढचे कित्येक महिने मी या दोन खिडक्यांमध्ये फिरत होते. दवाखाना म्हणायचा, 'फाइलवर होतं तेच आम्ही कळवलं. पालिकेने लेखी मागितलं तर पत्र देऊ.' पालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात म्हणायचे, 'दवाखान्याचं पत्र आल्याशिवाय आम्ही नोंदीला हात लावत नाही.' साहेब कधी राउंडला, कधी मीटिंगला. एकदा तिथल्या बाईंनी नोंदवहीतल्या आईच्या ओळीखाली पट्टी धरली, नाव वाचलं आणि मला म्हणाल्या, 'राजपत्रात नाव बदलून आणा.' वारलेल्या माणसाचं नाव राजपत्रात बदलायचं! अर्ज करणार कोण, सही कोणाची? तिथे दाद मागायला वरचा कोणी समोर नव्हता. मी बाहेर येऊन जिन्यात बसून राहिले होते.

दवाखान्यातली फाइल शेवटी एकदा मला बघायला मिळाली. एकाच टॅगमध्ये आधारची झेरॉक्स आणि त्याच्याच मागे नमुना ४ ची प्रत. एका पानावर सुनंदा, पुढच्या पानावर कुमुद. पान उलटायचे कष्ट कोणी घेतले नव्हते, आणि झेरॉक्स दाखवल्यावरही पत्र द्यायला ते तयार नव्हते. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

बँकेने दाखला घेतला नाही. त्यांच्या दृष्टीने कुमुद ही वेगळी बाई. त्यामुळे मृत्यूची नोंद बँकेत लागेना, आईचं निवृत्तिवेतन खात्यात जमा होतच राहिलं आणि पुढे ते सगळं वसूल झालं. ते योग्यच होतं, आम्ही त्याला हातही लावला नव्हता. पण ज्यांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळायला हवं होतं ते माझे वडील, वय ऐंशीच्या पुढे, ते मात्र तेवढा काळ थांबून राहिले. 'आईच्या कागदाचं काय झालं?' हे ते मला रोज विचारायचे. मला सगळ्यात महाग पडलं ते हे.

हे सुटलं कसं, तेही सांगते, कारण इथे वाचणाऱ्या कोणावर ती वेळ आधीच आलेली असेल. त्याच कायद्यात कलम १५ आहे. नोंद चुकली असेल तर निबंधक, म्हणजे नोंदणी करणारा अधिकारी, मूळ नोंद न खोडता समासात दुरुस्तीचा शेरा मारून, सही-तारीख टाकून ती दुरुस्त करू शकतो. निव्वळ लेखनाची चूक नसेल तर वस्तुस्थिती माहीत असलेल्या दोन विश्वासार्ह व्यक्तींचं निवेदन द्यावं लागतं. आम्ही मामांचं आणि आईच्या शाळेतल्या एका निवृत्त बाईंचं दिलं. सोबत सेवापुस्तकाचं पहिलं पान, आधार, आणि कुमुद म्हणजेच सुनंदा असं वडिलांचं प्रतिज्ञापत्र. कलमाचा उल्लेख करून लेखी अर्ज लिहिला, टपाल कक्षात दिला आणि आवक क्रमांकाचा शिक्का आमच्या प्रतीवर मारून घेतला. त्या दिवसापासून कामाला गती आली. तोपर्यंत मी सगळं तोंडी विचारत होते आणि तोंडी प्रश्नाला तोंडीच उत्तर मिळत होतं. खिडकीवर 'आधी साहेबांना भेटा' म्हणाले तरी अर्ज आवकला टाकूनच साहेबांना भेटा. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदाही आपल्याकडे आहे आणि मृत्यूचा दाखला त्यात येतो, तेव्हा मुदतीत काम झालं नाही तर अपील करता येतं.

तुमच्यावर अजून वेळ आलेली नाही, त्यामुळे तुमचं काम यामानाने सोपं आहे. बाबांचं आधार घेऊन जा, फाइलवरचं नाव, वडिलांचं नाव, वय, पत्ता आधारप्रमाणे करून द्या असा साधा अर्ज द्या आणि पोच घ्या. इंग्रजी स्पेलिंगही तपासा. दाखल्यावर नाव दोन्ही भाषांत येतं आणि इंग्रजीवरून मराठी करताना अनुस्वार, वेलांट्या हमखास इकडच्या तिकडे होतात. आणि घरातला असा एक माणूस आत्ताच नेमून ठेवा जो त्या दिवशी रडणार नाही, निदान कागद वाचेपर्यंत. जावई, मित्र, शेजारी, कोणीही चालेल. नमुना ४ हातात आला की त्याने एक एक अक्षर आधारशी ताडून बघायचं आणि मगच तो पासाच्या खिडकीवर द्यायचा. देण्यापूर्वी त्याचा फोटो काढून ठेवायचा. मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचं कारण नसतं, कायद्यानेच ते देत नाहीत, आणि विम्यासाठी कारणाचा कागद मागितला की लोकांची धावपळ होते.

बाबा घरीच गेले तर नमुना ४ अ (घरी झालेल्या मृत्यूसाठीचं तसंच प्रमाणपत्र) लागतो, तो त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी द्यायचा. विनाशुल्क आणि ताबडतोब, हे जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १० मध्ये स्पष्ट आहे. प्रत्यक्षात पहाटे तीनला फोन उचलला जात नाही आणि दुसरे कोणी डॉक्टर न पाहिलेल्या रुग्णाचा कागद देत नाहीत. त्यात त्यांची चूकही नाही. म्हणून आत्ता, बाबा असतानाच, जवळच्या एका डॉक्टरांना घरी बोलवून दाखवून ठेवा आणि स्पष्ट विचारा, 'रात्री काही झालं तर याल ना?' शिक्क्यावर नोंदणी क्रमांक हवा, नाहीतर कागद परत येतो. आणखी एक, ज्याची फारशी कोणाला कल्पना नसते: अलीकडे ते पडले असतील, खुब्याचं हाड मोडलं असेल आणि त्यातूनच प्रकृती खालावली असेल, तर पोलिसांची नोंद आणि शवविच्छेदन होऊ शकतं. त्यात दिवस जातो. डॉक्टरांना हे आधीच विचारून ठेवा.

आता दहन. विद्युतदाहिनीत साधारण तास-दीड तास लागतो आणि अस्थी त्याच दिवशी मिळतात. लाकडांवर तीनशे किलोच्या आसपास लाकूड जातं आणि अस्थी सावडायला दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी यावं लागतं. बऱ्याच शहरांत गॅसदाहिनीही आहे. कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी महापालिका मोफत अंत्यसंस्कार करते आणि लोक शेणी (गोवऱ्या) दान देतात. नागपुरात शेतातल्या टाकाऊ मालापासून केलेलं मोक्षकाष्ठ वापरतात. तुमच्या आत्यांना 'चिताच हवी' असं वाटत असेल तर लाकडांशिवायही चिता होते, हे त्यांना सांगून बघा. पुण्यात वैकुंठ स्मशानभूमीत विद्युतदाहिनीसमोर सगळ्या जातींचे, सगळ्या थरांतले लोक येतात, तिथे कोणाचं काही कमी झालं असं मला कधी वाटलं नाही. निघण्याआधी दाहिनी चालू आहे ना, पुढे किती जण आहेत, रात्री शेवटची वेळ काय, हे फोन करून विचारा. दुरुस्तीसाठी दाहिनी बंद असणं नवीन नाही.

बाबांना पेसमेकर आहे असं तुम्ही ओघात लिहिलंय. तो काढल्याशिवाय दहन करायचं नाही, लाकडांवरही नाही. उष्णतेने त्याची बॅटरी फुटते आणि दाराशी उभा असलेला कर्मचारी जखमी होऊ शकतो. दवाखान्यात वारले तर तिथेच काढून मागा. घरी वारले तर डॉक्टरांना सांगा आणि स्मशानातल्या माणसांनाही कल्पना द्या. नारळ, काचेच्या बांगड्या, प्लॅस्टिक, नायलॉनची साडी वा शाल, यातलं काही आत जाऊ देऊ नका.

नातेवाइकांबद्दल माझं मत ठाम आहे, पटलं तर घ्या. जाणाऱ्याने सांगितलंय ना, मग तसंच करायचं. बाबा बोलू शकतात तोवर त्यांनीच काकांना समोर बसवून सांगू दे. तुम्ही सांगितलंत तर ती तुमची नवी खुळं ठरतात, त्यांनी सांगितलं तर तो शब्द ठरतो. आत्यांच्या समाधानासाठी तोंडात पाणी, तुळशीपत्र, फार तर लाकडाच्या ढलपीवर कापूर लावून छातीवर ठेवणं, एवढं दाहिनीपाशीही करता येतं. मुलीने अग्नी देण्याला आता बहुतेक ठिकाणी कोणी हरकत घेत नाही. आईला मी दिला. मडकं कोण धरणार यावर तिथे उभं राहून वाद घालायची वेळ येऊ देऊ नका. श्रद्धांजलीची भाषणं मात्र स्मशानात नकोत. मागे दुसऱ्या घरची माणसं तिरडी खाली ठेवून ताटकळत असतात. तीन-चार मिनिटं एकाने बोलावं, बाकीचं घरी.

भावासाठी थांबायचं का? शीतपेटी भाड्याने मिळते, दवाखान्याचं शवागारही असतं. एक दिवस थांबणं मी समजू शकते. त्याहून जास्त थांबलात तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात, तुमची आईही थकलेली असेल. तो वेळेत पोचत नसेल तर व्हिडिओवर दर्शन घेऊ दे आणि अस्थी त्याच्यासाठी ठेवा. त्याला काही अस्थी कॅनडात न्यायच्या असतील तर स्मशानभूमीची दहनाची पावती आणि मृत्यूचा दाखला दोन्ही लागतील, पावती हरवू नका. नोंदणी २१ दिवसांच्या आत विलंब शुल्काशिवाय होते. दाखल्याच्या जास्तीच्या प्रती तेव्हाच घ्या.

बाबांच्या मनात नेत्रदान असेल तर तेही आत्ताच बोलून घ्या. नेत्रपेढीला लगेच बोलवावं लागतं, कारण डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात; तोवर पंखा बंद, डोक्याखाली उशी आणि मिटलेल्या पापण्यांवर ओला कापूस. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी चालतं. पेढीचा नंबर तुमच्या त्या कागद वाचणाऱ्या माणसाच्या फोनमध्ये हवा.

कलम १५ च्या अर्जाचा आमचा मसुदा माझ्याकडे आहे, कोणाला लागला तर कळवा, नावं काढून देते. आणि उद्या दवाखान्यातून पोच मिळाली की इथे लिहा.