प्लेगच्या कादंबरीतली सून

प्रश्न : १८९८-९९च्या प्लेगवर कादंबरी लिहितेय. कोल्हापुरात मंगळवार पेठेतली सून सासूची सेवा करते, सासूच्या जांघेतली गाठ फुटते, सुनेला लागण होते आणि दोघी एकाच रात्री जातात. पटेल का? शिवाय डॉक्टरच्या हाती इंजेक्शन देऊ का?

उत्तर : असं नाही पटणार. गाठीचा ताप रोग्याच्या अंगाला हात लावून सहसा लागत नाही. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा माणसाला चावतात, आणि दोन ते सात दिवसांत थंडी भरून ताप येतो. गाठ पिकून फुटेपर्यंत जगलेली बाई बरेचदा वाचे. दोघींना न्यायचंच असेल, तर सासूच्या फुफ्फुसात रोग उतरवा : खोकला, रक्ताळ थुंकी, दोन-तीन दिवसांत शेवट. सून तिच्यामागून चार-पाच दिवसांनी.

खरं नाट्य घर सोडण्यात आहे. उंदीर पडला की लोक माळावर खोपटं घालत. आजारी माणसाला छावणीत नेतील म्हणून गाठ लपवणारेही होते. तुमची सून आत्याबाईंना, म्हणजे सासूला, माजघरात लपवून सोबत राहिली, तर तिला धोका आत्याबाईंपेक्षा घरातल्या पिसवांचा. हे तिला ठाऊक असणार नाही. फ्रेंच डॉक्टर सिमाँने पिसवांचा माग १८९८मध्ये लावला, तो सर्वमान्य व्हायला पुढची कैक वर्षं लागली. तेव्हा पात्रांच्या तोंडी पिसू नको. चुना, कार्बोलिकसारखं जंतुनाशक, कौलं उतरवून ऊन आत घेणं, एवढंच बोलू द्या.

सेवा अश्रूंनी दाखवू नका. अळशीचं गरम पोटीस, पेजेचे घोट, कपाळावर ओलं फडकं. ताप चढला की रोगी बरळत उठून चालू लागे, आणि हृदय इतकं खचलेलं असे की उठताक्षणी कोसळे. सून आत्याबाईंच्या मनगटाला पदराचं टोक बांधून झोपली, तर प्रसंग उभा राहील.

पहिला उंदीर शाहूपुरीत पाडा. ती पेठ १८९५ची, स्टेशनाजवळची. मिरजेहून रेल्वे १८९१पासून येत होती, तेव्हा धान्याच्या पोत्यांतून रोग आला हे सहज पटेल. साथ पावसाळ्यानंतर चढवा, चैत्र-वैशाखात ओसरू द्या.

इंजेक्शनचं म्हणाल, तर हाफकिन या शास्त्रज्ञाची प्लेगची लस १८९७पासूनची, तीही निरोग्यांना टोचायची. दंड सुजे, ताप येई, म्हणून लोक बिचकत. लागण झालेल्यावर गुणकारी स्ट्रेप्टोमायसिन १९४३चं. पेनिसिलिन तर आजही प्लेगवर चालत नाही.