ई जीवनसत्त्व शरीरातून बाहेर कसे पडते?

इंदूरच्या राजवाडा भागातून आपण विचारले आहे की, आई रोज घेत असलेली ई जीवनसत्त्वाची ४०० मिलिग्रॅमची कॅप्सूल अंगात साठून राहते की लघवीवाटे निघून जाते. काही अंशी दोन्ही घडते, परंतु बाहेर पडण्याचा मुख्य मार्ग शौचाचा आहे.

हे जीवनसत्त्व स्निग्धात विरघळणारे असल्याने पित्तरस आणि जेवणातील तेलतूप यांच्या साहाय्यानेच ते आतड्यात शोषले जाते, आणि न शोषलेला भाग मळाबरोबर जातो. शोषलेला भाग लसिकावाहिन्यांतून रक्तात आणि तेथून यकृतात पोहोचतो. खरी निवड येथे होते: यकृतातील एक विशिष्ट प्रथिन अल्फा-टोकोफेरॉल हा ई जीवनसत्त्वाचा एक प्रकार उचलून पुन्हा रक्तात पाठवते, तर गॅमा व इतर प्रकारांचे लवकर विघटन होते. आपल्या माळव्यात घरोघरी वापरल्या जाणाऱ्या सोयाबीन तेलात गॅमाच अधिक असतो, हे येथे ध्यानात घ्यावे.

विघटनात सायटोक्रोम पी-४५० कुळातील विकर (एन्झाइम) रेणूच्या लांब शेपटीच्या टोकाला ऑक्सिजन जोडते, मग ती शेपटी टप्प्याटप्प्याने तुटत जाते आणि उरलेला, पाण्यात विरघळणारा तुकडा ग्लुकुरोनिक आम्लाशी जोडला जाऊन लघवीतून जातो. उरलेले बरेचसे पित्तावाटे आतड्यात परतते.

चरबीत साठलेले अल्फा-टोकोफेरॉल मात्र फार सावकाश कमी होते. आई रक्त पातळ ठेवणारी गोळी घेत असतील, तर मोठ्या मात्रेने रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून कॅप्सूल चालू ठेवण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे.