गाऱ्हाणं घाल

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. कॅशमधली तूट दुसऱ्याची, सही तुझी, म्हणून नोटीसही तुला, आणि घरी आई अंथरुणाला खिळलेली. वर शेजारीण सांगते, मागच्या जन्मीचं काहीतरी असणार. तिला चहा पाज आणि वाटेला लाव. निरपराध माणसाला त्याच्या दुःखाचा हिशेब समजावणारे लोक मला कधीच सोसले नाहीत.

तिशीत माझ्यावरही असाच आळ आला होता. दोन वर्षं बाजारात मान वर करवत नसे. कुलदेवीकडे प्रसाद लावला. भटजींनी ओल्या पाकळ्या मूर्तीला चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मी खांबाला टेकून बसलो. समईची वात दोनदा सारून झाली, पाकळी ढळेना. शेवटी भटजी म्हणाले, "आज ना. फाल्यां यो." दुसऱ्या दिवशी गेलो, तिसऱ्याही. कौल मिळाला नाही तो नाहीच. पण घरी जे बोलता येत नव्हतं ते तिथं बोलू लागलो. चिडूनही बोललो.

तू विचारतेस, अन्याय होताना देव बघत बसतो, मग विश्वास कशावर ठेवायचा? मला याचं उत्तर येत नाही. एवढंच सांगतो, १५६० मध्ये, गोव्यात पोर्तुगीज देवळं पाडत होते तेव्हा, कुठ्ठाळीच्या मंगेशाला त्याच्याच देवळात राहता आलं नाही. माणसांनी त्याला उचलून जुवारी नदीपार प्रियोळला नेलं. केळशीची शांतादुर्गा अशीच कवळ्याला आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. घरं, शेतं, माड मागे टाकून निघालेल्या माणसांनी 'याला स्वतःला वाचवता येईना' म्हणून देवाला तिथंच सोडलं असतं तर कोण काय बोललं असतं? शांतादुर्गेचं कवळ्याचं मोठं देऊळ १७३८ चं. म्हणजे देवी जवळजवळ पावणेदोनशे वर्षं साध्याशा जागेत राहिली. मला नेहमी मधल्या पिढ्या आठवतात. त्यांनी मोठं देऊळ पाहिलंच नाही, रोजचा दिवा मात्र लावला.

आपल्याकडे देवापुढे नुसते हात जोडत नाहीत, गाऱ्हाणं घालतात. तूही घाल. नीट, नावानिशी, हातचं न राखता. रडू आलं तर येऊ दे.

आणि नोटिशीचं उत्तर मुदतीत गेलंच पाहिजे, ते देवावर सोडू नकोस. त्या दिवशीच्या व्हाउचरांच्या आणि कॅशबुकाच्या प्रती लेखी अर्ज करून माग. अर्जाच्या आपल्याकडच्या प्रतीवर पोच घे. तोंडी कुणालाही काही कबूल करू नकोस, "मिटवून टाकू" म्हणणाऱ्या साहेबाला तर मुळीच नाही.

सोमवारी मंगेशीला पालखी असते. संध्याकाळी कागद घेऊन ये, आधी पायरीवर बसून उत्तराचा मसुदा करू. आईजवळ काकू बसेल, तिला मी सांगून ठेवलंय. ती पेज आणि खारातली मिरची घेऊन येईल, तेव्हा चूल पेटवत बसू नकोस.

तुझा,
सर