बचत गटात ऊन आणि त्वचेच्या कॅन्सरवर बोलताना सुरुवात जखमेपासून करा

ताई, तुम्ही विचारलंय की बैठकीत हा विषय काढला की बाया म्हणतात, 'आमी त जल्माच्या काया, तपनीतच वाढलो, आमाले काय होते?' त्यांना काय सांगायचं?

आधी मान्य करा की त्यांचं म्हणणं बरंचसं खरं आहे. सावळ्या कातडीतलं मेलॅनिन अतिनील किरणं बरीच अडवतं. म्हणून उन्हामुळे होणारा त्वचेचा कॅन्सर गोऱ्या लोकांच्या मानाने आपल्यात कितीतरी कमी. हे लपवून 'उन्हात गेलात की कॅन्सर' असं सांगाल तर पुढचं कोणी ऐकणार नाही. आपल्याकडे हा आजार अनेकदा वेगळ्याच जागी येतो, तिकडे कोणाचं लक्ष नसतं आणि मग फार उशीर होतो.

पहिली जागा कंबर. 2024 मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनी इथल्या डॉक्टरांनी अशा दोन वयस्क बायांची माहिती प्रसिद्ध केली. एकीची परकराच्या नाड्याखालची जखम 18 महिने भरत नव्हती, दुसरीची 2 वर्षं. ही दुसरी चाळीस वर्षं परकराशिवाय कंबरेला घट्ट लुगडं नेसत होती आणि तिचा कॅन्सर जांघेतल्या गाठीपर्यंत गेला होता. नाडा एकाच रेषेवर दाबतो, त्यात निंदताना-वेचताना घाम येतो. कातडी घासते, भरते, पुन्हा घासते. आधी काळपट पट्टा दिसतो, मग खाज, पापुद्रे आणि शेवटी फाटलेली जखम. उपाय बिनखर्चाचा आहे. बारीक नाड्याऐवजी दोन-तीन बोटं रुंद पट्टी शिवून घ्यायची, गाठ रोज थोडी वर-खाली बांधायची, घरी आल्यावर सैल करायची. पट्टा सोलायला लागला तर तो भरेपर्यंत त्या जागी काहीच बांधायचं नाही, गाऊन घालायचा.

दुसरी जागा भाजल्याचा जुना व्रण. चुलीवर लहानपणी भाजलेला हात वीस-तीस वर्षांनी पुन्हा फुटतो आणि भरत नाही. काठ उचललेले व टणक, वास, हात लागताच रक्त, ही लक्षणं साध्या जखमेची नव्हेत. तिसरी जागा तळपाय, तळहात आणि नखाखाली. इथल्या काळ्या डागाचा उन्हाशी संबंध नसतो. लोक त्याला कुरूप किंवा रुतलेला काटा समजून ब्लेडने कोरत बसतात. डाग पसरत असेल, किंवा नखातली काळी रेघ रुंद होऊन बाजूच्या कातडीवर उतरली असेल, तर थांबायचं नाही.

अशा जागी बिब्बा लावू देऊ नका, हे मात्र जोर देऊन सांगा. बिब्ब्याच्या तेलाने कातडी जळते, नवी जखम होते आणि मूळचं काय होतं ते कळेनासं होतं. तुकडा तपासला की कॅन्सर पसरतो, ही भीतीही तुम्हाला ऐकू येईल. तसं होत नाही. जागा बधिर करून छोटा तुकडा काढतात. त्याशिवाय निदान पक्कं होत नाही.

आता ऊन. ज्यांना खरा धोका आहे ते गावात मोजकेच असतील, त्यांना नावानिशी शोधा. जन्मतः पांढरे केस, पांढरी कातडी असलेलं मूल सर्वांत आधी. त्याला पूर्ण बाह्या, रुंद काठाची टोपी, गॉगल आणि रोज एसपीएफ 30 किंवा जास्तीचं सनस्क्रीन हवं: चेहरा-मानेसाठी दोन बोटांवर लांब पट्टी येईल इतकं, बाहेर पडण्याआधी 20 मिनिटं, आणि दर दोन तासांनी पुन्हा. थोडंसं चोपडलं तर पाकिटावरच्या आकड्याला अर्थ राहत नाही. ट्यूब उन्हात राहिली की खराब होते, ती माठाजवळ सावलीत ठेवायची. दुसरे म्हणजे किडनी बदललेले आणि बीपीसाठी हायड्रोक्लोरोथायझाइड घेणारे. त्यांनी गोळी स्वतःहून बंद करायची नाही, पण डॉक्टरांना विचारायचं. कोडाचे डाग भाजतात म्हणून झाकायचे. कोड म्हणजे कॅन्सर नव्हे, हेही सांगून टाका.

बाकी बायांना सनस्क्रीन विकत घ्यायला लावू नका. त्यांचे डोळे आणि खालचा ओठ जपा. डोळ्याच्या कोपऱ्यातून बुबुळावर सरकणारं मांस वर्षानुवर्षांच्या ऊन-धुळीचं असतं. दुपट्टा कपाळावर पुढे ओढून चेहऱ्यावर सावली पाडायची. तो ओला केला तर उष्माघातासाठी उत्तम, पण ओल्या पांढऱ्या सुती कापडातून किरणं जास्त आत येतात, म्हणून दुहेरी घडी करा. वेळेसाठी घड्याळ नको: सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की धुऱ्यावरच्या झाडाखाली जायचं. मे अखेरीस नागपुरात सूर्य थेट डोक्यावर असतो, साधारण बारा वाजून दहा मिनिटांनी.

बैठक फक्त बायांची घ्या, नाहीतर कंबर कोणी दाखवणार नाही. महिनाभर न भरलेली जखम असेल तर शेजारी रुपयाचं नाणं ठेवून, तारीख लिहून फोटो काढा. तो घेऊन ग्रामीण रुग्णालयात, आणि तिथे फक्त मलम मिळालं तर नागपूर, सेवाग्राम, यवतमाळ किंवा अकोल्याच्या मेडिकलला त्वचा विभागात जायचं. तिथे सांगायचं, 'ही जखम अमुक महिन्यापासून आहे, तुकडा तपासायचा का?'