चित्रकाराचं नाव माहीत नसलेल्या जुन्या व्यक्तिचित्रात प्रकाश कुठून पडलाय हे कसं ओळखायचं? आणि छायाप्रकाश, म्हणजे उजेड-सावलीने चेहऱ्याला गोलाई देणं, इटलीत पंधराव्या शतकातच सुरू झाला ना?

आधी डोळे बघा. बुबुळावरचा पांढरा ठिपका ज्या बाजूला, उजेड त्या बाजूचा. मग नाकाच्या दांड्यावरची उजळ रेघ आणि हनुवटीखालची सावली त्याच्याशी ताडून पाहा. मेळ बसला नाही तर नंतर कुणीतरी हात फिरवलाय असा संशय घ्यावा.

प्रश्नाचा दुसरा भाग मात्र साफ चूक आहे. इजिप्तमधल्या फायूम भागातली ममीचित्रं, म्हणजे ममीच्या चेहऱ्यावर बसवलेली मृताची चित्रं बघा: रोमन अंमल, इसवी सनाचं पहिलं ते तिसरं शतक, एकाही चित्रकाराचं नाव ठाऊक नाही. पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी १८८८ मध्ये फायूममधल्या हवाऱ्याला त्यांतली बरीच उकरून काढली. बोटभरही जाड नसलेली लाकडी फळी, त्यावर मधमाशीच्या मेणात कालवलेला रंग. मेण साधारण ६२-६४ अंशांना वितळतं आणि फळीला लागताच थिजतं, त्यामुळे तैलरंगासारखं घोळवत बसता येत नाही. म्हणून चेहऱ्यावर गरम हत्याराने आखूड, जाड फटकारे शेजारी शेजारी, गालाच्या गोलाईबरोबर वळवलेले. केस आणि कपडे कुंचल्याने पातळ. जवळून नुसते ओरखडे दिसतात, चार पावलं मागे गेलं की गाल गोल होतो.

आणि सावली काळ्याने होत नाही! आपल्याकडे विद्यार्थ्यांना अजूनही ‘त्याच रंगात थोडा काळा घाला’ असं सांगतात आणि चेहरे मळकट होतात. या चित्रांत गालाची सावली गेरू आणि तपकिरीने उतरत जाते. फायूममधल्याच तेबतुनिस गावच्या काही फळ्यांत तर कच्च्या रेखाटनात आणि करड्या छटांत इजिप्शियन निळा, म्हणजे त्या काळचा कृत्रिम निळा रंग, मिसळलेला निघाला. नुसत्या डोळ्यांना तो कळत नाही, अवरक्त (इन्फ्रारेड) छायाचित्रात झळकतो.

स्वतः करून पाहायचं असेल तर मेण ८५ अंशांच्या वर नेऊ नका, ते काळवंडतं. गडद आणि मधली छटा आधी, नाकावरची आणि डोळ्यातली चमक अगदी शेवटी. आधी लावली तर पुढच्या उष्णतेने ती वितळून पसरते. त्या काळी शिशाचा सफेदा वापरत. तो विषारी आहे, तापवायचा तर मुळीच नाही. टायटॅनियमचा पांढरा घ्या.

टेम्पेरात, म्हणजे मेणाऐवजी अंड्यासारख्या पाण्यात मिसळणाऱ्या बंधकात कालवलेल्या रंगात, केलेल्या फळ्यांना मात्र हे सगळं लागू नाही. तिथे सावली बारीक समांतर रेघांनी येते आणि चेहरा बराच सपाट राहतो. डोळ्यातला ठिपकाही काही ठिकाणी नुसत्या सवयीने ठेवलेला असतो, तेव्हा भरवसा नाकाच्या सावलीवर ठेवा.