सावड की इर्जिक? स्वतःचे घर बांधणाऱ्यांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे बांधकामाच्या तंत्रापेक्षा शेजारच्या प्लॉटवर बांधकाम करणाऱ्या माणसांविषयी आहेत. त्यामुळे त्यांतली पाच एकत्रच घेतली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण पुढच्या बऱ्याच प्रश्नांचे मूळ त्यात आहे.

प्रश्न : वाघोलीच्या पुढे एका मंजूर रेखांकनात आम्ही सहा कुटुंबांनी दीड ते दोन गुंठ्यांचे लगतचे प्लॉट घेतले असून सगळ्यांची बांधकामे दिवाळीनंतर सुरू होणार आहेत. साहित्य एकत्र घ्यावे, सेंट्रिंगचा (स्लॅबखाली लावायच्या फळ्या-टेकूंचा) एकच संच सहाही घरांना फिरवावा आणि मिस्त्रीही एकच ठेवावा, असे आमच्यात ठरत आहे. मी मूळचा जुन्नर तालुक्यातला. आमच्याकडे शेतात जशी सावड असते, तसेच हे होईल, असे मी म्हणालो. पण एका सदस्याच्या मते यातून फक्त भांडणे होतील. आपले मत काय?
— एक वाचक, वाघोली

उत्तर : आपण सावड हा शब्द वापरलात हे बरे झाले. गावाकडे परस्परांच्या मदतीला दोन शब्द आहेत. इर्जिक म्हणजे एकाने बोलवायचे, बाकीच्यांनी आपापल्या बैलजोड्या घेऊन त्याच्या रानात दिवसभर राबायचे आणि त्याच्याकडे जेवून घरी जायचे. तिथे हिशेब नसतो. सावडीत मात्र हिशेब असतो. तुमचा एक दिवस माझ्याकडे, माझा एक दिवस तुमच्याकडे, आणि एखादा दिवस फिटायचा राहिला तर तो दोघांच्याही लक्षात राहतो. शहराच्या कडेला घर बांधणारी माणसे उत्साहाच्या भरात इर्जिक घालतात आणि पुढे सहा महिन्यांनी सावडीचा हिशेब मागू लागतात. माझ्या पाहण्यातली बहुतेक भांडणे याच गोंधळातून झालेली आहेत. आपण सावडच करावी, आणि तिची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी. कोणाच्या प्लॉटवर किती माल उतरला, कोणाच्या बारा गोण्या कोणी उचलल्या आणि परत कधी दिल्या, एवढे त्या दिवशीच्या तारखेसह लिहिले तरी पुरते. बिले मात्र ज्याची त्याच्या नावाने घ्यावीत. गृहकर्जाचा पुढचा हप्ता मागताना ती लागू शकतात.

साहित्यापैकी स्टील एकत्र घेण्यात खरा फायदा आहे, कारण ते वजनावर मिळते आणि वजन पडताळता येते. १२ मिलिमीटर जाडीची १२ मीटर लांब सळई साधारण १०.६६ किलो भरते, १० मिलिमीटरची ७.४ आणि ८ मिलिमीटरची ४.७४. सळईच्या व्यासाचा वर्ग करून त्याला १६२ ने भागले की एका मीटरचे वजन किलोमध्ये मिळते, हे सूत्र वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. सिमेंट एकत्र साठवू नये. सहा घरांचे सिमेंट एका शेडमध्ये ठेवले की ज्याचे काम लांबते त्याच्या वाट्याला जुन्या, खडे धरलेल्या गोण्या येतात आणि तीन महिन्यांहून जुने सिमेंट तर पुन्हा तपासल्याशिवाय वापरूच नये. वाळू किंवा क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) ब्रासवर येते. ब्रास म्हणजे १०० घनफूट. गाडी रिकामी होण्याआधी हौद्यातल्या मालाची लांबी, रुंदी आणि उंची टेपने मोजावी, आणि माल ओलसर असेल तर तो फुगलेला आहे हे ध्यानात ठेवावे. बारीक वाळू थोड्याशा ओलाव्याने आकारमानात पाव हिश्शापर्यंत फुगू शकते. गाडी येताना ज्याला वेळ असेल त्याने सहाही जणांच्या वतीने मोजावे. या एका गोष्टीसाठी शेजारी हवाच, कारण गाडी हमखास आपण कचेरीत असताना येते.

सेंट्रिंगच्या एका संचाविषयी मात्र मला काळजी वाटते. संच एकच असला की दुसऱ्याचा स्लॅब खोळंबतो आणि मग पहिल्याच्या घराचे टेकू लवकर काढण्याचा आग्रह सुरू होतो. तो आग्रह मैत्रीतला असल्यामुळे नाही म्हणता येत नाही. आयएस ४५६ : २००० या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार साध्या पोर्टलँड सिमेंटच्या, ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे टेकू किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याखालचे १४ दिवस राहिले पाहिजेत. ६ मीटरपर्यंतच्या बीमखाली १४ आणि त्यापुढे २१ दिवस. दुकानात सहज मिळणारे फ्लाय अ‍ॅशचे सिमेंट बळ धरायला जास्त वेळ घेते, त्यामुळे तिथे आपल्या अभियंत्याला विचारून मुदत वाढवावी. दोन घरांच्या स्लॅबमध्ये तीन आठवड्यांचे अंतर ठेवता येत असेल तरच एक संच पुरेल, नाहीतर प्रत्येकाने आपापला भाड्याने आणावा. चार पैसे वाचवायला गेलेल्या स्लॅबला मधोमध आलेला झोल पुढे कोणताही शेजारी वाटून घेत नाही.

मिस्त्री एक असावा की नाही, हे त्याच्याकडे माणसे किती आहेत यावर ठरवा. एक टोळी सहा प्लॉटवर फिरू लागली की दररोज पाच मालक नाराज असतात.

आणखी एक गोष्ट विचारलेली नाही, तरी सांगतो. शेजाऱ्याच्या पायाची नक्कल करू नका. पुण्याच्या पूर्वेला काय आणि दक्षिणेला काय, एका प्लॉटला चार फुटांवर मुरूम लागतो आणि पलीकडच्या प्लॉटला सात फूट खोदले तरी काळी माती संपत नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यावर उभी राहिलेली भिंत तिच्यासोबत हलते. सहाही घरांचे खड्डे सगळ्यांनी मिळून पाहावेत, पण पायाची खोली ज्याच्या त्याच्या अभियंत्याने खड्ड्यात उतरून ठरवावी. आणि सहा घरांपैकी जे पहिले सुरू होईल, त्याच्या कोपऱ्यात कामगारांसाठी एक संडास आणि पिण्याच्या पाण्याची टाकी सगळ्यांच्या वर्गणीतून आधी करावी. बिगारी स्त्रियांची त्यावाचून किती कुचंबणा होते, हे मालकांच्या लक्षातच येत नाही.

प्रश्न : शेजारच्या प्लॉटचे मालक परगावी नोकरीला आहेत. त्यांच्या स्लॅबचे लोखंड बांधून झाले आहे. मला त्यात काही गोष्टी खटकल्या, पण मी अभियंता नाही. बोलावे की नाही?
— एक वाचक, मोशी

उत्तर : बोलावे, काँक्रीट पडण्याआधी बोलावे आणि मालकाशीच बोलावे.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. १९९४ साली धनकवडीत माझे घर चालू होते. स्लॅबच्या आदल्या दिवशी मिस्त्रीने सळयांखाली कव्हर ब्लॉकऐवजी (सळई फळीपासून उचलून धरणाऱ्या सिमेंटच्या ठोकळ्यांऐवजी) खडीचे तुकडे सारले होते आणि त्यातले निम्मे पाय पडून निसटलेही होते. मी दिवसभर तिथेच होतो, तरी मला ते दिसले नाही. माझे लक्ष दुसऱ्या दिवशीच्या मिक्सरकडे आणि जेवणाच्या पातेल्यांकडे. पलीकडच्या प्लॉटवर घर बांधणारे गृहस्थ दुपारी वर येऊन गेले, पण मिस्त्रीसमोर काही बोलले नाहीत. रात्री नऊ वाजता ते बादली घेऊन आले. बादलीत त्यांनी घरच्या फ्रीजमधल्या बर्फाच्या ट्रेमध्ये अर्ध्यापर्यंत सिमेंट-वाळूचा माल भरून पाडलेले शे-दीडशे ठोकळे होते, प्रत्येकात बांधायच्या तारेचा तुकडा रोवलेला. महिन्याभराने येणाऱ्या स्वतःच्या स्लॅबसाठी त्यांनी ते पाण्यात मुरत ठेवले होते. बॅटरीच्या उजेडात आम्ही दोघांनी ते सळयांना बांधले, आणि सकाळी मिस्त्रीला वाटले की मालकानेच रात्रीतून शहाणपण केले. मिस्त्रीचा मान राहिला, म्हणून पुढचे कामही नीट झाले.

अभियंता नसलेल्या माणसालाही जे दिसू शकते ते असे : सळई आणि फळी यांच्यात अंतर आहे का (स्लॅबला २०, बीमला साधारण २५, कॉलमला ४० आणि पायाला ५० मिलिमीटर), कॉलमच्या रिंगांमधले अंतर वर-खाली सारखे आहे की मध्येच वाढले आहे, रिंगांची टोके आत वळवली आहेत का, आणि टेकू विटांच्या ढिगावर उभे आहेत की घट्ट जमिनीवर. जे दिसले त्याचे फोटो मालकाला पाठवावेत आणि ‘तुमच्या अभियंत्याला एकदा दाखवा’ एवढेच लिहावे. सळई १० ची हवी की १२ ची, हे आपण सांगायला जाऊ नये. चुकीच्या सल्ल्याने केलेल्या दुरुस्तीचा दोषही मग आपल्याच माथी येतो.

प्रश्न : शेजारी बांधकामासाठी आमच्या घरातून वीज मागत आहेत. युनिटप्रमाणे पैसे देतो म्हणतात. द्यावी का?
— एक वाचिका, आंबेगाव

उत्तर : देऊ नये. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ प्रमाणे, मंजूर जागेव्यतिरिक्त दुसऱ्या जागेसाठी किंवा मंजूर कारणाव्यतिरिक्त दुसऱ्या कारणासाठी केलेला वापर अनधिकृत ठरतो आणि त्याची आकारणी ज्याच्या नावावर मीटर आहे त्याच्यावर होते. शेजाऱ्यांना महावितरणची बांधकामासाठीची तात्पुरती जोडणी घेता येते. अर्ज भरायला मदत करावी, वाटल्यास सोबत कार्यालयात जावे. चहा, सावली आणि सिमेंटच्या गोण्या पावसात झाकायला ताडपत्री मात्र अवश्य द्यावी.

प्रश्न : पती नोकरीनिमित्त बाहेरगावी असल्याने धायरीतले बांधकाम मीच पाहते. आजूबाजूच्या प्लॉटवरचे लोक मदतीला येतात, पण ते थेट मिस्त्रीशी बोलतात आणि मिस्त्रीही त्यांचेच ऐकतो. मदत तोडायची नाही, पण हे थांबवायचे आहे.
— एक वाचिका, धायरी

उत्तर : मिस्त्रीला एकदा स्पष्ट सांगावे की कामात कोणताही बदल आपल्या सहीशिवाय होणार नाही आणि झालेल्या बदलाचे पैसे मिळणार नाहीत. शनिवारचा पगार आपल्या हाताने वाटावा. शेजाऱ्यांना सूचना द्यायच्याच असतील तर त्या आपल्याला द्याव्यात, असे हसतमुखाने पण सगळ्यांना एकदाच सांगावे. बहुतेकांच्या मनात काही वाईट नसते. बांधकामावर पाय ठेवला की सूचना करायची सवयच आपल्याकडे फार.

त्याहून उपयोगी गोष्ट म्हणजे दोन कामे स्वतः शिकून घेणे. पहिले, गुण्या तपासणे : कोपऱ्यापासून एका दोरीवर ३ फूट आणि दुसऱ्या दोरीवर ४ फुटांवर खूण करावी, दोन खुणांमधले अंतर बरोबर ५ फूट आले तर कोपरा काटकोनात आहे. मोठ्या आखणीला ६, ८ आणि १० फूट घ्यावेत, म्हणजे चूक लवकर दिसते. दुसरे, पाण्याच्या नळीने लेव्हल काढणे. नळीत हवेचा बुडबुडा अडकला असेल तर दोन टोकांची पातळी चुकते आणि जोत्यात इंचभर फरक पडूनही कोणाला कळत नाही. म्हणून सुरुवातीला दोन्ही टोके शेजारी धरून पाणी एकाच रेषेत येते का ते पाहावे, आणि मगच एक टोक पलीकडे न्यावे. नळी उन्हात पसरून बुडबुडा शोधणाऱ्या बाईंना ‘साहेब कधी येणार’ असे मिस्त्री सहसा विचारत नाही. आसपासच्या प्लॉटवर आणखी कोणी स्त्री काम पाहत असेल तर तिला अवश्य गाठावे. दोघींनी एकमेकींच्या बांधकामावर आठवड्यातून एक फेरी ठेवली तरी बरेच साधते.

प्रश्न : माझ्या कचेरीतील आठ-दहा सहकारी स्लॅबच्या दिवशी श्रमदानाला येऊ इच्छितात. त्यांना काय काम द्यावे?
— एक वाचक, पिरंगुट

उत्तर : स्लॅबवर चढवू नका. घमेली पोचवणाऱ्या साखळीचा वेग, काँक्रीट हलवून बसवणारा व्हायब्रेटर आणि सळयांवरून चालणे यांची सवय नसल्याने नवखा माणूस पडतो, किंवा बांधलेल्या सळया तुडवून खाली बसवतो. ठेकेदाराने विमा काढला असेल तर तो त्याच्या कामगारांसाठी असतो, आपल्या मित्रांसाठी नाही.

दोघांना मिक्सरशी उभे करा. एकाने रिकाम्या गोण्या मोजाव्यात. दुसऱ्याने पाण्याच्या बादल्या. एम २० या प्रतीच्या काँक्रीटच्या नेहमीच्या मिश्रणात ५० किलोच्या एका गोणीला ३० लिटरहून जास्त पाणी नको, म्हणजे दहा लिटरच्या तीन बादल्या, आणि वाळू ओली असेल तर त्याहून कमी. माल सरकत नाही म्हणून चौथी बादली ओतायला हात पुढे येतो, तेव्हा ‘नको’ म्हणणारा माणूस तिथे हवा, आणि मालकाचा मित्र असल्यामुळे तो ते म्हणू शकतो. एकाने जेवणाचे पाहावे. बाकीच्यांचा खरा उपयोग दुसऱ्या दिवसापासून आहे. स्लॅबवर मातीची आळी करून पाणी साठवून ठेवावे लागते, फ्लाय अ‍ॅशचे किंवा तसले मिश्र सिमेंट असेल तर किमान १० दिवस, आणि कॉलम-बीमना गोणपाट गुंडाळून ते ओले ठेवावे लागते. सहकाऱ्यांची यादी करून प्रत्येकाला एकेक दिवस वाटून द्यावा. रविवारी सगळेच येतील. बुधवारी दुपारी दोन वाजता पिरंगुटला पाणी मारायला कोण येणार, ते आधी विचारून घ्यावे.