लोक डॉक्टरांना न विचारता औषधं का घेतात?

वेळ नाही, फी परवडत नाही, कंटाळा येतो, ही कारणं आहेतच आणि फीचं कारण तर अगदी खरंय, त्यावरून कुणाला नावं ठेवू नयेत. पण मला वाटतं सगळ्यात मोठं कारण म्हणजे "मागच्या वेळी याच गोळीने बरं वाटलं होतं". आता साधी सर्दी घ्या, ती व्हायरसने होते आणि काही नाही केलं तरी आठवडा-दहा दिवसांत जाते. आपण चार दिवस अंगावर काढतो, मग वैतागून मागच्या आजारपणात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घेतो, आणि दोन दिवसांत नाक मोकळं. सर्दी जायचीच होती, पण नाव झालं गोळीचं! अँटिबायोटिक व्हायरसवर चालतच नाही, उलट अशा अर्धवट डोसमुळे जंतू औषधाला दाद देईनासे होतात, ज्याने पेनिसिलिन शोधलं त्या फ्लेमिंगनेच 1945 च्या नोबेल भाषणात हे बजावलं होतं.

दुसरं कारण लाज. जांघेत गजकर्ण झालं की दाखवायला नको वाटतं, म्हणून कुणीतरी सांगितलेली ट्यूब लावतात. त्यात स्टेरॉइड असलं तर खाज लगेच थांबते, लाली जाते, माणूस खूश, आणि बुरशी मात्र आरामात पसरत राहते. ट्यूब बंद केली की आधीपेक्षा जास्त, आणि तोपर्यंत चट्ट्याचं रूप इतकं बदललेलं असतं की डॉक्टरलाही पटकन ओळखू येत नाही.

प्रत्येक डोकेदुखीला डॉक्टर गाठा असं मी म्हणणार नाही, पाकिटावरचं वाचून एखादी पॅरासिटामॉल घेणं ठीकच आहे. फक्त सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांमध्येही पॅरासिटामॉल असतं, त्यामुळे तापाची वेगळी आणि सर्दीची वेगळी असं दिवसभर चालू ठेवलं तर मोठ्या माणसाची 24 तासांतली 4 ग्रॅमची मर्यादा कधी ओलांडली कळतही नाही, लिव्हरला धोका होतो आणि पहिल्या दिवशी बहुतेक वेळा काही जाणवतही नाही. म्हणून ब्रँड नाही, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं औषधाचं नाव बघा. आणि घरात कुणाला किडनीचा त्रास असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर त्यांना पेनकिलर स्वतःच्या मनाने अजिबात देऊ नका, आधी डॉक्टरांना निदान एक फोन तरी करा.